धरणाचा काठ कुणाच्या स्वाधीन?



पावसाळा लागला की आपल्या वर्तमानपत्रांत रोज एक चौकट छापून येते. अप्पर वर्धा, काटेपूर्णा, वान, शहानूर, चंद्रभागा, सपन अशी धरणांची नावं आणि त्यांच्यापुढे टक्के. अमरावतीचा माणूस आधी अप्पर वर्धा पाहतो, अकोल्याचा काटेपूर्णा. अप्पर वर्ध्याचा उपयुक्त साठा ५६४ दशलक्ष घनमीटर, काटेपूर्णेचा ८६. शेतकऱ्यांना आणि पाणीपुरवठ्याच्या लोकांना हे आकडे तोंडपाठ असतात. सिंभोऱ्याला धरणाचे दरवाजे उघडले की मोर्शीचा रस्ता गाड्यांनी भरून जातो, लोक पोराबाळांना घेऊन ते पांढरं, उसळतं पाणी पाहायला जातात. मग परतीचा पाऊस संपतो, धरण भरल्याची बातमी शिळी होते आणि ती चौकटही छापून यायची थांबते.

जलाशयाचं खरं जगणं त्यानंतर सुरू होतं. ऑक्टोबर ते जून हे आठ-नऊ महिने पाणी हळूहळू मागं सरकत जातं, आणि पाणी व कोरडी जमीन यांच्यामधला एक ओला पट्टा रोज थोडा थोडा आत जातो. हा काठ वऱ्हाडातल्या जलाशयांची सगळ्यांत श्रीमंत जागा आहे आणि सगळ्यांत बेवारसही. भिंत पाटबंधारे खात्याची, पाणी महानगरपालिकेचं आणि कालव्याचं, मासे ठेकेदार संस्थेचे, पक्षी आणि जनावरं वनखात्याची. काठ कुणाचाच नाही. आज मला त्या काठाविषयी बोलायचं आहे.

हा विषय निवडण्याला आणखी एक कारण आहे. १८ जून २०२५ ला निसर्गलेखक मारुती चितमपल्ली गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. मेळघाटच्या जंगलात त्यांनी नोकरी केली, त्याआधी नवेगावबांधच्या जलाशयाकाठी वर्षं काढली. पक्ष्यांविषयी त्यांना जे कळलं त्यातला मोठा भाग त्यांनी ढीवरांकडून, पारध्यांकडून, माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या गावकऱ्यांकडून घेतला, आणि तसं मोकळेपणानं लिहून ठेवलं. वनाधिकाऱ्यानं मासे धरणाऱ्याला गुरू मानावं, ही गोष्ट आपल्याकडं दुर्मीळ आहे. त्यांच्या स्मृतीला नमस्कार करून पुढं बोलतो.

आपल्या वऱ्हाडात तलाव ही तशी अलीकडची वस्तू. पूर्वेला भंडारा, गोंदियाकडं जा. तिथं कोहळी समाजानं बांधलेले हजारो मालगुजारी तलाव आहेत आणि त्यांच्याभोवती शेकडो वर्षांचे रीतिरिवाज आहेत. तलावात पाणी किती ठेवायचं, शिंगाडा कुणी लावायचा, मासे केव्हा धरायचे, हे सगळं ठरलेलं. आपली जमीन काळी, खोल, कपाशीची. आपल्याकडं विहिरी होत्या आणि नद्यांचे डोह होते. अमरावतीकरांची तहान भागवायला छत्री तलाव बांधला गेला तो १८८८ साली, इंग्रजी अमलात. वडाळीचा तलावही पाण्यासाठीच बांधलेला. मोठी धरणं तर स्वातंत्र्यानंतरची. त्यामुळं तलाव आला, पण तलावाबरोबर वागायचं कसं याची परंपरा आली नाही. धरण सरकारनं बांधलं, तेव्हा काय करायचं ते सरकार बघून घेईल, अशी आपली समजूत झाली.

आणि इथं पाण्याची किंमत काही वेगळीच आहे. पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा पसरलेला आहे. अमरावती, अकोला आणि बुलडाणा मिळून जवळजवळ नऊशे गावांखालचं भूजल खारट. त्या पाण्यानं डाळ शिजत नाही, वर्षानुवर्षं तेच प्यायलं तर मूत्रपिंडं निकामी होतात. तिथं प्यायचं गोडं पाणी म्हणजे धरणाचं पाणी. अकोट-तेल्हाऱ्याकडं वान धरणावरची ८४ खेडी योजना, अकोल्याकडं काटेपूर्णेवरची खांबोरा योजना, या नुसत्या नळयोजना म्हणून बघू नयेत. त्या पट्ट्यातल्या कित्येक संसारांचा तो आधार आहे. म्हणून धरणाच्या काठावर काय टाकलं जातं, काय फवारलं जातं, काय कुजतं, हा अकोल्यातल्या प्रत्येक घरातल्या माठाचा प्रश्न आहे.

आता काठावर जाऊ.

धरणाची मधली खोली आपल्याला भव्य वाटते, पण तिथं जीवसृष्टी विरळ असते. ऊन फार खाली पोचत नाही, तळाशी वनस्पती वाढत नाही. जिथं पाणी गुडघाभर, मांडीभर आहे तिथं ऊन तळापर्यंत जातं, पाणवनस्पती वाढतात, त्यांच्या आडोशाला झिंगे, गोगलगाई, किड्यांच्या अळ्या, माशांची पिल्लं राहतात. मरळ आपली पिल्लं याच उथळात सांभाळते. नर-मादी दोघं मिळून पिल्लांचा तांबूस घोळका राखत फिरतात. बगळे, चमचे, तुतवार, शेकाटे यांच्या पायांना परवडेल इतकंच पाणी इथं असतं. आणि आपण माणसंही उतरतो ती इथंच. म्हणजे मासा, पक्षी, भोई आणि सहलीला आलेलं कुटुंब, सगळ्यांची गाठ त्या एकाच पट्टीत पडते.

यात पहिला मान मी भोई समाजाला देतो. पूर्णा, मोर्णा, पेढी, चंद्रभागा या नद्यांच्या डोहांवर त्यांची पोटं होती. उन्हाळ्यात नदी तुटली तरी डोहात पाणी राही आणि डोहात मासा राही. काठच्या वाळूत त्यांच्या डांगरवाड्या असत, टरबूज आणि काकडी पिके. नद्यांवर धरणं झाली, खाली पाणी यायचं थांबलं, वाळू उपसली गेली, डोह गाळानं बुजले. भोई नदीवरून धरणावर आला. डोह त्याचा होता. धरणावर तो ठेकेदार झाला. मत्स्यव्यवसाय खातं जलाशय साधारण पाच वर्षांसाठी मच्छीमार सहकारी संस्थेला देतं, संस्था ठेक्याची रक्कम भरते, मत्स्यबीज विकत घेऊन सोडते आणि मग तिचे सभासद जाळी टाकतात.

मत्स्यबीज विकत का घ्यावं लागतं, हे शहरातल्या मंडळींना ठाऊक नसतं. कटला, रोहू, मृगळ हे आपले बाजारातले मुख्य मासे गंगेच्या खोऱ्यातले. साचलेल्या पाण्यात ते वाढतात, पण तिथं प्रजनन करत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. डॉ. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ ला ओडिशात पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना हौदात अंडी घालायला लावली, तेव्हापासून देशभरच्या तलावांत मत्स्यपालन शक्य झालं. १० जुलै हा दिवस म्हणूनच मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. त्या प्रयोगानं देशाच्या ताटात मासा आला, आणि त्याच प्रयोगामुळं आपल्या धरणांतले मासे दरसाल सोडावे लागतात, हेही खरं. आधी मत्स्यजिरे, मग त्यांची बोटुकली. बोटुकली बोटाएवढी मोठी करून सोडली तर जगतात. पैसे वाचवायला जिरेच सोडले तर निम्म्याहून जास्त मोठ्या माशांच्या आणि पाणकावळ्यांच्या पोटात जातात. कटला पृष्ठभागाजवळ चरतो, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. तिन्ही योग्य प्रमाणात सोडले तर एकाच पाण्यात तिघांचंही पोट भरतं. हे गणित भोयाला पुस्तकाशिवाय येतं. एका म्हाताऱ्या भोयानं मला सांगितलं होतं, "धरनात पानी किती हाये थे सरकारले मालूम, मासोया कुठी हायेत थे आमाले मालूम."

त्याचं काम जवळून पाहावं असं आहे. पहाटे तो थर्माकोलच्या जाड तुकड्यावर बसून पाण्यात जातो. दोन-तीन तुकडे पोत्यात घालून शिवलेले, वर फळी, पाय पाण्यात सोडलेले. हातात वल्हं नसतं. दोन छोट्या फळ्या किंवा जुन्या ताटल्या घेऊन तो पाणी मागं लोटतो. संध्याकाळी लावलेलं तंगुसाचं जाळं तो एका टोकाकडून उचलत जातो. जाळं वर आलं की मासा दिसायच्या आधी हाताला कळतो, दोरी थरथरते. कल्ल्याजवळ अडकलेला रोहू तो दोन बोटांनी मागं सारून सोडवतो, जाळ्याचा एक धागा तुटू देत नाही, कारण तुटलेला आस दुपारी त्यालाच विणायचा असतो. सूर्य वर येईपर्यंत तो काठावर असतो, तिथं व्यापारी बर्फाचा डबा घेऊन उभा असतो आणि भाव तोच सांगतो. आंध्रातून बर्फात घालून येणारा मासा बाजारात असतोच, म्हणून घासाघिशीला फारशी जागा नसते. आणि तो थर्माकोल! दोन पावसाळ्यांत तो झिजतो, त्याचे पांढरे मणी काठाच्या फेसात सापडतात, मासे ते अन्न समजून गिळतात. संस्थेला फायबरची होडी परवडत नाही म्हणून माणूस जीव धोक्यात घालतो आणि पाणीही घाण होतं. एवढ्या साध्या गोष्टीला अनुदान मिळायला काय हरकत आहे, हे मला आजवर उमगलेलं नाही.

आता पाहुण्यांकडं वळू. दिवाळी झाली की थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, वारकरी आपल्या जलाशयांवर उतरतात. पट्टकदंब हंस येतात. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेला हा पक्षी तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो. गहू-हरभऱ्याच्या वावरात रात्री चरतो आणि दिवसा धरणाच्या उघड्या काठावर विसावतो. २०२३ च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या अहवालात देशभरात बदकांची संख्या उतरणीला लागल्याचं नोंदवलं आहे. म्हणजे आपल्याकडं उतरणारा थवा आता गृहीत धरता येत नाही.

हिवाळी पाहुण्यांचं कौतुक बरंच होतं. मला मात्र उन्हाळ्यातल्या घरच्या पक्ष्याविषयी जास्त सांगायचं आहे. मार्च-एप्रिलमध्ये पाणी उतरलं की धरणांच्या पोटातून मुरमाडीची बेटं उघडी पडतात. तिथं नदी सुरय घरटी करतो. हा पक्षी जगाच्या धोक्यातल्या यादीत आहे. पिवळीजर्द चोच, काळी टोपी, राखाडी पाठ, दुभंगलेली शेपटी. घरटं म्हणजे मुरमातला एक खळगा, काडीही नाही. त्यात दोन-तीन अंडी, करडी, तपकिरी ठिपक्यांची. हातभर अंतरावरून पाहिलं तरी खडे आणि अंडी वेगळी ओळखू येत नाहीत. आपल्या वैशाखात जिथं दगडावर हात टेकत नाही तिथं हा पक्षी अंड्यांवर बसतो, ती उबवायला आणि तितकाच उन्हापासून झाकायलाही. मधूनच उठतो, पाण्यावरून झेप घेत पोटाची पिसं ओली करतो आणि परत येऊन अंड्यांवर बसतो. ते ओलं पोट हीच त्या अंड्यांची सावली. आता त्या बेटावर हौशी मंडळींची होडी लागली, चार जण फोटो काढायला अर्धा तास उभे राहिले, तर जोडी वर घिरट्या घालत ओरडत राहते आणि खाली अंडी भाजून निघतात. कुणी दगड मारलेला नसतो, कुणाच्या मनात वाईट नसतं. घरटं मात्र संपलेलं असतं.

याच काठावर भोई आणि पक्षी यांचं भांडणही आहे. ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पाणकावळे थव्यानं उतरतात आणि नुकतीच सोडलेली बोटुकली खातात, ही भोयाची तक्रार खरी आहे. टाकून दिलेल्या, फाटक्या तंगुसात बदकं, पाणकावळे, कधी कासवं अडकून मरतात, ही पक्षिमित्रांची तक्रारही खरी आहे. तंगूस कुजत नाही. मालक सोडून गेला तरी जाळं पुढं वर्षानुवर्षं मारत राहतं. बारीक आसाच्या जाळ्यांनी पिल्लंसुद्धा उपसली जातात. यात नुकसान आधी भोयाचंच, पण पुढचा ठेका आपल्यालाच मिळेल याची खात्री नसेल तर पुढच्या वर्षीच्या माशासाठी आज कोण थांबेल? बंदी असलेला थाई मांगूर चोरून पाळला जातो, पुरात तळ्यांतून निसटतो आणि स्थानिक मासे फस्त करतो. तिलापियानं तर कित्येक तलाव व्यापले आहेत. ज्यांची मासळी जाते त्यांना आणि ज्यांचे पक्षी जातात त्यांना एकमेकांशी बोलायला आजवर एक सतरंजीही कुणी अंथरलेली नाही.

गाळपेर हा तिसरा पक्ष. पाणी मागं सरलं की उघड्या पडलेल्या बुडीत क्षेत्रात गहू, हरभरा, भाजीपाला, टरबूज घेतात. ही जमीन एकसाली भाड्यानं द्यायची रीत आहे, आणि ज्यांची शेतं धरणात गेली त्यांच्या पोराबाळांनी तिथं चार दाणे पिकवले तर त्यांना नावं ठेवण्याचा अधिकार धरणाचं पाणी पिणाऱ्या कुणालाच नाही. पण पाण्यापासून दहा पावलांवर कीटकनाशक फवारलं जातं आणि पहिल्या पावसात ते जलाशयात उतरतं. तेच पाणी शहरात नळाला येतं. गाळपेर बंद करा असं मी म्हणणार नाही. पाण्यालगतचा एक पट्टा नांगराविना ठेवा आणि बुडीत क्षेत्रात विषारी फवारणी नको, एवढी अट त्या भाडेपत्रात घालता येते.

आता आपण, म्हणजे सहलीला जाणारी मंडळी. अमरावतीला समुद्र नाही, मोठी नदी नाही. रविवारी संध्याकाळी पोरांना कुठं न्यायचं तर वडाळी, छत्री तलाव, नाहीतर चिखलदऱ्याचा घाट. माणसाला पाण्याकाठी बसावंसं वाटतं, त्यात गैर काही नाही. वडाळीच्या मागं पोहऱ्याचं जंगल आहे, तिथून बिबट्या थेट विद्यापीठाच्या परिसरापर्यंत येतो. इतकं रान इतक्या जवळ असलेली शहरं महाराष्ट्रात फार नाहीत. याचा आनंद आपण घेतला पाहिजे. दुखतं ते पुढचं. सोमवारी सकाळी काठावर पत्रावळी, पाण्याच्या बाटल्या, चिवड्याची पाकिटं आणि फुटलेल्या काचा पडलेल्या असतात. त्याच काचांवरून भोई अनवाणी चालतो. गाडगेबाबांच्या जिल्ह्यात हे चालतं! शेंडगावला जन्मलेला, वलगावजवळ देह ठेवलेला तो माणूस. ऋणमोचनच्या जत्रेत पूर्णेच्या काठी चिखलातून घसरणाऱ्या बायाबापड्या पाहून त्यानं घाट बांधायला घेतला. काठाची सेवा म्हणजे काय हे दाखवायला आपल्याला बाहेरच्या कुणाची गरज नव्हती.

आणि जीव जातात त्याचं काय? १४ सप्टेंबर २०२१ ला वरूड तालुक्यात श्रीक्षेत्र झुंज इथं वर्धा नदीत नाव उलटली आणि अकरा जण बुडाले. दशक्रियेला जमलेले नातेवाईक होते, विधी उरकून धबधबा पाहायला नावेत बसले होते. एका दुःखासाठी आलेलं कुटुंब दुसऱ्या दुःखात बुडालं. जीवरक्षक जाकीट अंगात असतं तर त्यांतले किती वाचले असते, हा प्रश्न मला अजून सुटत नाही. आपल्याकडं होडीत किती माणसं बसवायची हे नावाड्याच्या भिडेवर ठरतं आणि जाकीट घालणं भित्रेपणाचं मानलं जातं. अकोला जिल्ह्यात पिंजरचं संत गाडगेबाबा आपत्कालीन शोध व बचाव पथक आहे. कुठं कुणी बुडालं की ही मुलं स्वतःची साधनं घेऊन धावतात. त्यांचं ऋण मोठं आहे. पण त्यांना बोलावणं येतं तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

गळ टाकून बसणाऱ्यांचा एक वर्ग वाढतो आहे. कणकेचा गोळा किंवा गांडूळ लावून चार तास स्तब्ध बसणं हा मनाला निववणारा छंद आहे, मला तो मनापासून आवडतो. पण ठेका ज्या संस्थेचा, मासे तिचे. तिला न विचारता गळ टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या वावरातली कणसं मोडणं. मुंबईत पवईचा तलाव १८९१ साली पिण्यासाठी बांधला, तो पिण्यालायक उरला नाही. तरी १९५५ पासून तिथं महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशन आहे, तिचे सभासद नियमानं मासे धरतात. शहराच्या पोटात तलाव जिवंत राहायला अशी काठावर रोज उभी राहणारी माणसं लागतात. आपल्याकडं गळवाल्यांनी संस्थेकडून दिवसाची चिठ्ठी घ्यावी, चार पैसे द्यावेत, लहान मासा परत सोडावा. संस्थेला मिळकत होईल आणि काठावर आणखी दोन डोळे राहतील.

कायद्याकडं थोडंसं पाहू. काटेपूर्णेचं धरण आधी झालं, अभयारण्य १९८८ साली. सुमारे ७४ चौरस किलोमीटरचं, चौशिंगा आणि भेकर यांचं रान. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं अभयारण्यात परवानगीवाचून मासेमारी करता येत नाही. कायदा योग्य आहे. पण काठच्या गावांतल्या माणसाला दुसरा धंदा न देता नुसती बंदी घातली की मासेमारी रात्री होते, एवढंच. याच पेचावर एक महत्त्वाचा निकाल आपल्या शेजारचाच आहे. पेंचच्या तोतलाडोह जलाशयात विस्थापित आदिवासींना दिलेल्या ३०५ मासेमारी परवान्यांविरुद्ध पर्यावरणवादी संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९७ साली न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी निकाल लिहिला. परवाने रद्द केले नाहीत, अटी घातल्या. प्रत्येकाला छायाचित्रासह ओळखपत्र, काठावर चूल पेटवायची नाही, कचरा टाकायचा नाही, येण्याजाण्यावर देखरेख. जंगल आणि पोट दोन्ही न्यायालयानं समोर ठेवली. त्या निकालानंतरही तोतलाडोहचं भांडण मिटलं नाही, माणसं तिथून हटवली गेली, कारण अटी पाळून घ्यायला रोज काठावर असणारं कुणी नव्हतं. मला तो निकाल आजही बरोबर वाटतो. कमी पडली ती अंमलबजावणी.

आणि अंमलबजावणी कशी होते हे भंडारा-गोंदियाकडं दिसतं. मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढीवरांच्या संस्थांबरोबर तिथल्या मालगुजारी तलावांवर काम केलं. बायकांनी काठावरची बेशरम मुळासकट उपटली, उन्हाळ्यात तळ नांगरला, स्थानिक पाणवनस्पती परत लावल्या. हळूहळू देशी मासे परतले, त्यांच्यामागं पक्षीही आले. तिथं कुणाला हुसकावलं नव्हतं. ज्यांचं पोट त्या पाण्यावर होतं त्यांच्याच हातात काम दिलं गेलं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. जलाशयाचा काठ मच्छीमार संस्थेच्या स्वाधीन करा, राखणदार म्हणून, आणि त्या राखणीचा मोबदला तिला द्या. आज ठेका कोण जास्त पैसे भरतो यावर चालतो. तो दीर्घ मुदतीचा करावा आणि करारातच चार गोष्टी लिहाव्यात: जाळ्याच्या आसाचं किमान माप, फाटकं तंगूस पाण्यात न सोडता जमा करणं, मार्च ते जून बेटांवर कुणाला उतरू न देणं, होडीत जाकिटाशिवाय एकही माणूस न बसवणं. त्या बदल्यात ठेक्याच्या रकमेत सूट, थर्माकोलऐवजी होड्या, आणि सहलीच्या ठिकाणी वाहनतळाचं उत्पन्न संस्थेला. पक्षिमित्रांनी वर्षातून एकदा पक्षी मोजायला जाताना भोयांच्या पोरांना बरोबर घ्यावं. सुरयाचं बेट कुठं आहे हे त्यांना आपल्याआधी ठाऊक असतं. वनखातं, पाटबंधारे आणि मत्स्यव्यवसाय या तिन्ही कार्यालयांनी प्रत्येक जलाशयासाठी वर्षातून एक बैठक तरी काठावरच घ्यावी, भोयाला खुर्ची देऊन.

यासाठी नवा कायदा लागत नाही. एक जलाशय निवडून असा करार करून पाहता येईल. माझ्या मते सुरुवात काटेपूर्णेपासून व्हावी, कारण तिथं अभयारण्य, शहराचं पाणी, मासेमारी आणि सहली हे चारही प्रश्न एकाच काठावर आहेत. तिथं जमलं तर कुठंही जमेल.

आपल्यापैकी जे येत्या हिवाळ्यात धरणावर जातील त्यांना एक विनंती. काठावर पोचलात की आधी तिथल्या मच्छीमार संस्थेचा माणूस शोधा, कुठं जायचं आणि कुठं नाही ते त्याला विचारा, जाताना त्याच्याकडून मासे विकत घ्या आणि आपला कचरा आपल्या पिशवीत परत आणा.